उथळ पाण्यात बॉयन्सीचा (तरंगण्या-बुडण्याच्या तोलाचा) सराव कसा करावा? पाच मीटरवर स्थिर राहता येत नाही

पाणबुडा_पुणे

नमस्कार. मी अंदमानातील स्वराज द्वीप येथे ओपन वॉटर हा स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला असून त्यानंतर मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर आणि मालवणला अधूनमधून डाइव्ह करत असतो. बारा ते पंधरा मीटर खोलीवर मला फारसा त्रास होत नाही. बीसीडीत (हवा भरता-सोडता येणाऱ्या जाकिटात) थोडी हवा भरली की मी बऱ्यापैकी एका पातळीवर राहतो. मात्र परतताना पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे सावधगिरीचा थांबा, घ्यायची वेळ आली की सारे गणित बिघडते. आधी मी हळूहळू वर सरकू लागतो, ते लक्षात येऊन हवा सोडतो तोवर दोन मीटर वर गेलेलो असतो, आणि मग एकदम खाली जातो. हा झोका थांबवण्यासाठी शेवटी नांगराचा दोर घट्ट धरून उभे राहावे लागते. जिथे दोर नसतो तिथे जोडीदाराचा हात धरावा लागतो, जे त्याला आवडत नाही आणि मलाही शोभत नाही.

माझे वजन सत्तर किलो आहे. तीन मिलिमीटरचा पूर्ण सूट आणि अ‍ॅल्युमिनियमचा नेहमीचा सिलिंडर वापरतो. गेल्या वेळी सुरुवातीला खाली जाता येत नव्हते, म्हणून बोटीवरील डाइव्ह लीडरने कमरेच्या पट्ट्यात दोन किलो शिसे वाढवून एकूण आठ किलो केले. खाली जाणे त्यामुळे सोपे झाले, पण सेफ्टी स्टॉप पूर्वीपेक्षा अवघड झाला.

पुण्यात एका जलतरण तलावावर अडीच मीटर खोलीच्या भागात साहित्यासह सराव करू देणारे प्रशिक्षक मिळाले आहेत. माझी शंका अशी की, पंधरा मीटरवर जमणारी गोष्ट अडीच मीटरवर पुन्हा शिकण्यात अर्थ आहे का? आणि असेल तर सुरुवात कशापासून करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सुरमई

मी मालवण परिसरात स्कूबा शिकवते. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यातला समज फार जणांचा असतो: पंधरा मीटरवर जमते म्हणजे अडीच मीटरवर जमेलच असे नाही. उथळ पाणी हे बॉयन्सीच्या दृष्टीने सर्वांत कठीण पाणी आहे, आणि म्हणूनच सरावाला तेच योग्य आहे. खोलात तुमच्या चुका लपतात, उथळात त्या लगेच दिसतात.

दुसरी गोष्ट आठ किलोंची. सत्तर किलोच्या माणसाला तीन मिलिमीटरचा सूट आणि अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर असताना समुद्रात आठ किलो हे बहुधा जास्तच आहे. खाली जाता येत नाही म्हणून वजन वाढवणे ही बोटींवरची सर्रास रीत झाली आहे, कारण त्यात वेळ वाचतो. पण नवीन माणूस खाली का जात नाही, हे पाहिले तर वजनाची कमतरता हे कारण क्वचितच निघते. तो घाबरून छाती भरलेली ठेवतो, पाय नकळत मारत राहतो, बीसीडीची हवा सोडताना नळी पुरेशी उंच धरत नाही, त्यामुळे खांद्यापाशी हवेचा फुगा अडकून राहतो, आणि अजून न भिजलेल्या सूटमध्येही हवा असते. पूर्ण श्वास सोडून, पाय एकमेकांत गुंतवून, डावा खांदा थोडा वर करून दहा सेकंद शांत राहिले की तोच माणूस निमूटपणे खाली जातो. यांपैकी काहीही न करता पट्ट्यात दोन किलो घातले तर ते दोन किलो संपूर्ण डाइव्हभर तुमच्याबरोबर राहतात, आणि ते पेलण्यासाठी बीसीडीत तेवढी जास्त हवा ठेवावी लागते. पाच मीटरवर तुम्हाला वर नेते ती ही जास्तीची हवा.

म्हणून तलावावर पहिले काम वजन ठरवण्याचे. पूर्ण साहित्य घालून, तोंडात रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा देणारे यंत्र) ठेवून, जिथे पाय टेकत नाहीत तिथे उभे तरंगा. बीसीडी पूर्ण रिकामी करा. नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा आणि पाय अजिबात हलवू नका. पाण्याची रेषा मास्कच्या मध्यावर, म्हणजे डोळ्यांपाशी आली पाहिजे. श्वास सोडल्यावर डोके हळूहळू पाण्याखाली गेले पाहिजे. श्वास भरलेला असतानाच बुडत असाल तर वजन जास्त आहे. एकेक किलो कमी करत जा, शेवटी अर्ध्या किलोने करा. ही चाचणी भरलेल्या सिलिंडरने केली असेल तर नंतर त्यात सुमारे दोन किलो मिळवायचे, कारण डाइव्ह संपेपर्यंत सिलिंडरमधली हवा संपून तो तेवढा हलका होतो. उलट, सरावाच्या शेवटी सिलिंडरमध्ये पन्नास बार (बार हे दाबाचे एकक) शिल्लक असताना चाचणी केली तर काहीच मिळवावे लागत नाही. मला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते, कारण तोपर्यंत माणूस शांत झालेला असतो आणि सूटही पूर्ण भिजलेला असतो.

तलावातला आकडा समुद्रात जसाच्या तसा वापरू नका. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असते. तुमचे आणि साहित्याचे एकूण वजन शंभर किलोच्या आसपास धरले तर समुद्रात सुमारे अडीच किलो जास्त लागतात. तुम्ही आठ किलो लावून तलावात उतरलात तर पोहण्याऐवजी फरशी पुसत फिराल.

वजन ठरले की सरावाला लागा. तळाशी पालथे झोपा, बीसीडी रिकामी ठेवा आणि इन्फ्लेटरचे, म्हणजे बीसीडीच्या नळीवरचे, हवा भरण्याचे बटण अगदी क्षणभर दाबून सोडा. प्रत्येक वेळी दोन श्वास थांबून काय होते ते पाहा. एक वेळ अशी येते की श्वास घेतल्यावर छाती तळापासून उचलली जाते आणि सोडल्यावर परत खाली येते, फिनची (पायांत घालायच्या वल्ह्यांची) टोके मात्र जमिनीवरच राहतात. इथे बटणावरचे बोट काढा आणि दहा-पंधरा मिनिटे फक्त श्वासावर वर-खाली व्हा. या व्यायामातून कळण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे उशीर. श्वास घेतल्याबरोबर शरीर वर जात नाही. दोन-तीन सेकंदांनी जाते. नवशिक्या या दोन-तीन सेकंदांत 'काहीच झाले नाही' असे समजून आणखी श्वास घेतो किंवा बटण दाबतो, आणि मग दोन्हींचा परिणाम एकदम होतो. तुम्ही लिहिलेला झोका बऱ्याच अंशी याच उशिराचा आहे. वर जाऊ लागण्यापूर्वीच श्वास सोडायला सुरुवात करायची आणि खाली जाऊ लागण्यापूर्वीच घ्यायला, हे शरीराला कळायला वेळ लागतो, पण एकदा कळले की विसरत नाही.

त्यानंतर तळ सोडून पाण्याच्या मध्यावर स्थिर राहण्याचा सराव करा. तलावात एक मोठी सोय असते ती म्हणजे भिंतीवरच्या टाइल्स. समोरच्या टाइल्समधली एक आडवी रेघ निवडा आणि ती मास्कच्या मधोमध राहील असे पाहा. हात छातीपाशी एकमेकांत गुंतवा, कारण मोकळे हात नकळत वल्ह्यासारखे चालू लागतात आणि आपण न्यूट्रल, म्हणजे ना तरंगणारे ना बुडणारे, आहोत असा खोटा भास होतो. अडीच मीटरवर जमले की दीड मीटरवर करा. दीड मीटरवर पाच मिनिटे जमली तर पाच मीटरवरचा सेफ्टी स्टॉप तुम्हाला आरामाचा वाटेल.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. श्वासावर नियंत्रण म्हणजे श्वास रोखणे नव्हे. भरलेल्या फुप्फुसांनी सव्वा-दीड मीटर वर आले तरी फुप्फुसाला इजा होऊन हवेचे बुडबुडे रक्तात जाण्याचा धोका असतो. तलाव उथळ आहे म्हणून हा नियम शिथिल होत नाही. श्वास लांब आणि मंद करा, घसा बंद करू नका.

दाबमापक

सुरमई यांनी 'उथळ पाणी सर्वांत कठीण' असे लिहिले आहे, त्यामागचे गणित मांडतो. शाळेत शिकलेले आर्किमिडीजचे तत्त्व आणि बॉइलचा नियम एवढेच त्यासाठी पुरते.

पृष्ठभागावर दाब एक बार असतो आणि दर दहा मीटरला साधारण एक बारने वाढतो. म्हणजे पाच मीटरवर दीड बार, दहा मीटरवर दोन, वीस मीटरवर तीन. हवेचे आकारमान दाबाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येताना ते दुप्पट होते, तीसवरून वीस मीटरवर येताना मात्र केवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढते. दोन्हीकडे प्रवास दहा मीटरचाच आहे.

आता तुमचे उदाहरण घेऊ. तुमच्याकडे गरजेपेक्षा तीन किलो जास्त आहेत असे धरू. ते पेलायला बीसीडीत तीन लिटर हवा ठेवावी लागते, कारण एक लिटर हवेने साधारण एक किलो प्लावक बल मिळते. पाच मीटरवर तुम्ही समतोल साधला आणि लाटेने तुम्हाला तीन मीटर वर, म्हणजे दोन मीटर खोलीवर नेले. तिथे दाब एक पूर्णांक दोन बार आहे. तीन लिटरचे पावणेचार लिटर झाले, म्हणजे पाऊण किलोचा वरचा जोर नव्याने निर्माण झाला, आणि वर जाल तसा तो वाढतच जाणार. हाच तीन मीटरचा प्रवास वीस मीटरवरून सतरा मीटरवर केला असता तर तीन लिटरचे सुमारे तीन पूर्णांक तीन लिटर झाले असते आणि जोर फक्त एक तृतीयांश किलोचा आला असता. पंधरा मीटरवर तुम्हाला जमते आणि पाचवर जमत नाही, याचे कारण हेच आहे.

आता ते तीन किलो काढून टाका. बीसीडीत एकच लिटर हवा असेल तर त्याच तीन मीटरच्या झोक्याला पाव किलोचा फरक पडतो, जो एका सौम्य श्वासाने सहज भरून निघतो. शांत अवस्थेतला श्वास सुमारे अर्धा लिटर असतो, आणि सावकाश पूर्ण श्वास सोडल्यास त्याखेरीज आणखी लिटरभर हवा बाहेर काढता येते. एवढाच आपला हातातला पल्ला आहे. बीसीडीतली हवा जितकी जास्त, तितका हा पल्ला अपुरा पडतो. म्हणून वजन ठरवण्याआधी श्वासाचे व्यायाम करण्यात फारसा अर्थ नाही.

सिलिंडरचाही हिशेब देतो. नेहमीच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरची आतली क्षमता सुमारे अकरा लिटर असते. दोनशे बारपासून पन्नास बारपर्यंत आलात म्हणजे साधारण साडेसोळाशे लिटर हवा वापरली. हवेचे वजन लिटरला सुमारे एक पूर्णांक दोन ग्रॅम असते, म्हणजे दोन किलो. सुरमई यांचे दोन किलो ते हेच. त्यामुळे योग्य वजन लावूनही डाइव्हच्या सुरुवातीला तुम्ही दोन किलो जड असणार, आणि बीसीडीत दोनेक लिटर हवा लागणार. शेवटी, सेफ्टी स्टॉपच्या वेळी, बीसीडी जवळजवळ रिकामी झालेली असावी. तुमच्या बीसीडीत त्या वेळी बरीच हवा असते का, हे पुढच्या डाइव्हला जरूर पाहा.

जाता जाता: 1943 साली कुस्तो आणि गान्यां यांनी अ‍ॅक्वालंग हे पाण्याखाली श्वास घेण्याचे उपकरण तयार केले तेव्हा बीसीडी नावाची वस्तूच नव्हती. त्या काळचे लोक नेमके वजन आणि श्वास यांवरच डाइव्ह करत. आजही पट्ट्यातला प्रत्येक किलो हा बीसीडीच्या भरवशावर टाकलेला भार असतो.

पाणबुडा_पुणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सेफ्टी स्टॉपला माझ्या बीसीडीत हवा असते, आणि चांगलीच असते. ती सोडली तर मी दगडासारखा खाली जातो, म्हणून मी ती ठेवत आलो आहे. आता कारण कळले.

आणखी दोन शंका आहेत. स्थिर राहण्याचा प्रयत्न करताना माझे पाय खाली जातात आणि मी उभा होतो. तसेच पोहत असताना मला सगळे ठीक वाटते, थांबलो की बुडू लागतो. या दोन्हींचा संबंध आहे का?

खडकाळ_किनारा

थेट संबंध आहे. मी प्रशिक्षक नाही, पाण्याखालचे छायाचित्रण करते, आणि त्या कामात एका जागी स्थिर राहता आले नाही तर हाती काही लागत नाही. त्यामुळे या विषयावर मला बरेच डोके घालावे लागले आहे.

पाय खाली आणि डोके वर अशा तिरप्या स्थितीत तुम्ही फिन मारता तेव्हा प्रत्येक फटका तुम्हाला पुढे नेतो तसाच थोडा वरही ढकलतो. जास्तीचे वजन तुम्हाला खाली ओढत असते आणि तुमचे पाय ते सतत वर उचलत असतात. दोन्ही एकमेकांना झाकतात, म्हणून पोहताना सगळे ठीक वाटते. थांबलात की उचलणारे कोणी उरत नाही. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. पोहता पोहता मध्येच सगळी हालचाल बंद करा, श्वास नेहमीसारखा चालू ठेवा आणि काय होते ते पाहा. खाली गेलात तर तुम्ही जड आहात, वर गेलात तर हलके. प्रत्येक डाइव्हमध्ये ही परीक्षा अधूनमधून घेण्याची सवय लावून घ्या. हवाही कमी लागू लागते, हा आणखी एक लाभ.

पाय का बुडतात याची उत्तरे साहित्यात शोधावी लागतात. आपल्याकडे सर्व वजन कमरेच्या पट्ट्यात लावण्याची पद्धत आहे. फुप्फुसे छातीत, बीसीडीतली हवा बहुतेक पाठीच्या वरच्या भागात, आणि शिसे कमरेला, म्हणजे वरचा भाग तरंगणार आणि खालचा बुडणार हे ठरलेलेच. पट्ट्यातील एक-दोन किलो काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर छोट्या खिशात लावून पाहा. सिलिंडर बीसीडीत थोडा वर सरकवून बांधला तरी फरक पडतो, मात्र इतका वर नको की मान मागे नेताना डोके व्हॉल्व्हवर आपटेल. जड रबरी फिनऐवजी हलके फिन वापरूनही पायांचा भार कमी होतो. तलावात हे सगळे एकेक करून बदलता येते, समुद्रात बोट डुलत असताना हे प्रयोग करायला कोणी वेळ देत नाही. एक लक्षात ठेवा: अ‍ॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की त्याचा बुडखा वर उचलला जातो, त्यामुळे सुरुवातीचा आणि शेवटचा तोल थोडा वेगळा असतो.

शरीराची ठेवणही पाहावी लागते. गुडघे काटकोनात वाकवून पोटऱ्या वर, मांड्या शरीराच्या रेषेत, पाठीला किंचित बाक आणि नजर समोर ठेवा. नजर तळाकडे गेली की खांदे आणि छातीही त्याच दिशेने झुकतात. स्वतःला कसे दिसतो हे कळत नाही, म्हणून जोडीदाराला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. आपण आडवे आहोत अशी ज्याची खात्री असते तो व्हिडिओत पंचेचाळीस अंशांत उभा दिसतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे.

मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेला व्यायाम सांगते. तुम्ही आणि जोडीदार समोरासमोर मध्यपाण्यात स्थिर राहा. एकाच्या हातात शिशाची एक किलोची वडी असावी. तो ती सावकाश दुसऱ्याच्या हातात देतो. देणारा हलका होतो म्हणून त्याला श्वास सोडत ती द्यावी लागते, घेणारा जड होतो म्हणून त्याला श्वास घेत ती घ्यावी लागते. बीसीडीच्या बटणाला कोणीही हात लावायचा नाही. पहिल्या काही वेळा एक जण छताकडे जातो आणि दुसरा फरशीकडे. काही वेळाने वडी इकडून तिकडे जाते आणि दोघेही जागचे हलत नाहीत. ते जमू लागले की त्याच स्थितीत मास्कमध्ये थोडे पाणी घेऊन ते बाहेर काढा. मास्क साफ करताना नाकाने बराच श्वास सोडावा लागतो, त्यामुळे माणूस हमखास खाली जातो. ते आधी ओळखून त्याआधीचा श्वास थोडा मोठा घ्यावा लागतो. बहुतेकांचा तोल अशा वेळीच जातो, कारण लक्ष दुसरीकडे असते.

लाटांवर

इथले सगळे सल्ले योग्य आहेत, पण तलावावर एवढा भर देण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. तलावात लाट नाही, प्रवाह नाही, पाणी स्वच्छ आणि समोर भिंत. तिथे तासन्‌तास स्थिर राहणारे लोक समुद्रात पाच मीटरवर लाटेच्या हेलकाव्यात सापडले की गोंधळतात. माझ्या मते वजन ठरवण्यापुरता तलाव वापरावा आणि सराव समुद्रातच करावा.

सुरमई

लाटांवर यांचा मुद्दा अर्धा मान्य आहे. हेलकावा तलावात शिकता येत नाही. परंतु ज्याला स्थिर पाण्यात स्वतःमुळे होणारी हालचाल ओळखता येत नाही, त्याला समुद्रात आपण हललो की पाणी हलले हे कसे कळणार? हेलकाव्याशी झगडायचे नसते. पुढे-मागे तो नेईल तसे जायचे असते आणि फक्त खोली सांभाळायची असते. ज्याच्या श्वासाचा हात बसलेला नाही तो नेमका उलट वागतो.

तलाव आणि समुद्र यांच्यामधली पायरीही आहे. तारकर्लीला एमटीडीसीच्या (राज्याच्या पर्यटन महामंडळाच्या) स्कूबा प्रशिक्षण संस्थेत आठ मीटर खोलीचा तलाव आहे. तिथे पाच मीटरचा सेफ्टी स्टॉप खऱ्या खोलीवर करता येतो आणि खालून पाच, चार, तीन, दोन असे एकेका मीटरवर थांबत वर येण्याचा सराव होतो. शेवटच्या पाच मीटरना निदान एक मिनिट लागले पाहिजे, हे मी विद्यार्थ्यांकडून घड्याळ लावून करून घेते. समुद्रात गाठी मारलेला दोर खाली सोडून हेच करता येते. दोर धरायचा नाही, फक्त तो नजरेसमोर ठेवायचा. अंगठा आणि तर्जनीचे कडे करून ते दोराभोवती, पण दोराला न लागता ठेवले की, हललात तर लगेच कळते.

उथळात वारंवार वर-खाली करताना कानांकडे दुर्लक्ष करू नका. दाबातला सर्वांत मोठा प्रमाणशीर बदल पहिल्या काही मीटरांतच होतो, त्यामुळे तासभर असा सराव केला तर कानांना एखाद्या खोल डाइव्हपेक्षा जास्त काम पडते. सर्दी असेल तर त्या दिवशी सराव नको. कान दुखू लागले तर त्या दिवसापुरते थांबा. आणि तलाव असला तरी एकट्याने कधीही करू नका.

समुद्रफेन

समुद्रात सराव कुठे करावा, याबद्दल एक विनंती. मी सागरी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. मालवणचा परिसर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. ते अंदमानसारखे फांद्याफांद्यांचे रंगीत दिसत नाहीत. पोराइटीससारखे गोल गोटे किंवा टर्बिनेरियासारखी पसरट ताटे, वर बारीक गाळ बसलेला, म्हणून पुष्कळ जण त्यांना दगड समजून त्यांवर हात टेकतात किंवा गुडघे टेकून बसतात. पोराइटीसचा गोटा वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. फुटबॉलएवढा गोटा घडायला किती वर्षे लागली असतील याचा हिशेब तुम्हीच करा. खडक घडवणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे.

त्यामुळे बॉयन्सीचा सराव वाळूच्या तळावर करा, आणि तिथेही तळापासून मीटरभर वर राहून करा. वाळूवर वरखाली फिन मारले की गाळ उठतो आणि तो प्रवाहाबरोबर शेजारच्या प्रवाळावर जाऊन बसतो. बेडकासारखे पाय आडवे मारण्याची पद्धत शिकून घेतली तर पाण्याचा झोत खाली न जाता मागे जातो. मालवणला पाणी मुळातच फार स्वच्छ नसते. तुम्ही उठवलेला गाळ तुमच्या मागच्या माणसाची उरलीसुरली दृश्यताही घालवतो.

पाणबुडा_पुणे

सर्वांचे आभार. तलावावर वजन ठरवून पाहिले. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली, पन्नास बार शिल्लक असताना, अडीच किलोवर पाणी डोळ्यांपाशी आले. म्हणजे समुद्रासाठी पाच किलोच्या आसपास धरावे लागतील, आठ नव्हे. टाइलची रेघ अजून मास्कमधून सटकते आहे, पण सटकण्याआधी श्वास सोडायला लागलो आहे.

एक शेवटचा प्रश्न. एवढे करूनही समुद्रात तीन मीटरवरून वर खेचला जाऊ लागलो, तर त्या क्षणी नेमके काय करावे?

सुरमई

सर्वप्रथम श्वास सोडत राहा, काहीही झाले तरी. त्याच वेळी हवा काढा. उभे असाल तर इन्फ्लेटरची नळी डोक्याच्या वर सरळ धरून बटण दाबा. आडवे असाल तर नळीपेक्षा पाठीमागे खालच्या बाजूला असलेला डंप व्हॉल्व्ह (दोरी ओढून हवा सोडण्याची झडप) उपयोगी पडतो, कारण हवा जिथे सर्वांत उंच आहे तिथूनच बाहेर पडते. त्यासाठी कमरेपेक्षा खांदे किंचित खाली करून दोरी ओढावी लागते. ही दोरी न पाहता सापडली पाहिजे, म्हणून तलावात डोळे मिटून ती शोधण्याचा सराव करा. डोके खाली घालून जोरात फिन मारत खाली जाण्याचा प्रयत्न हवा काढण्याआधी करू नका. श्वास चढतो, फुप्फुसे भरलेली राहतात आणि बीसीडीतली हवा तशीच असते. वेग आवरत नसेल तर हातपाय पसरून शरीर पाण्याला आडवे करा, तेवढाच रोध मिळतो.

तरीही पृष्ठभागावर पोहोचलात तर बीसीडी फुगवा, जोडीदाराला आणि बोटीला खूण करा आणि वरच थांबा. तुमची डाइव्ह नो-डिकॉम्प्रेशन मर्यादेतली, म्हणजे सक्तीचे थांबे न घेता वर येता येईल अशी, असेल तर सेफ्टी स्टॉप ही सावधगिरी असते, सक्ती नसते. तो पूर्ण करण्यासाठी लगेच परत खाली जाऊ नये. छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, चक्कर, बधिरपणा, बोलण्यात अडखळणे असे काही वाटले तर दुर्लक्ष न करता लीडरला तत्काळ सांगा आणि ऑक्सिजन मागून घ्या. काहीही वाटत नसले तरी त्या दिवशीची पुढची डाइव्ह घेण्यापूर्वी नेमके काय झाले ते त्यांच्या कानावर घाला, आणि पट्ट्यातली शिशाची वजने मोजून पाहा.